सात आणि बारा : माळढोकाच्या मुलखाची प्रस्तावना

सोलापुराहून बार्शीच्या रस्त्याने पाचसहा कोस गेले म्हणजे नान्नजचे शिवार लागते, आणि जो प्रवासी प्रथमच त्या बाजूला जात असेल त्याला, एकीकडे द्राक्षांचे मांडव आणि दुसरीकडे उघडा, मुरमाड, कुसळीने पिवळा पडलेला माळ अशी दोन परस्परविरुद्ध दृश्ये एकाच नजरेच्या टप्प्यात का सापडावीत, याचा उलगडा चटकन होत नाही. या एका गावाला दोन कीर्ती लाभल्या आहेत. द्राक्षबागाइतदारांच्या जगात नान्नज म्हणजे नानासाहेब काळे यांचे गाव, जिथे ‘सोनाका’ आणि ‘शरद सीडलेस’ हे वाण निपजले. पक्षिशास्त्राच्या जगात नान्नज म्हणजे माळढोकाचे गाव. पहिल्या कीर्तीला पाणी हवे, मांडव हवा, तारा हव्यात, माणसाची बारमाही राबणूक हवी. दुसरीला पाणी नको, दाट झाडी नको, तार तर मुळीच नको, आणि माणूस हवा तोही ज्वारी पेरून काढणीपर्यंत फारसा न दिसणारा. या दोन कीर्ती एकाच वेशीत नांदत असताना सरकारने तिथे एक कायदा आणून उभा केला. त्या कायद्याने पक्ष्याचे काय झाले हे पुष्कळांनी लिहिले आहे. ज्याच्या जमिनीवर तो पक्षी उतरत होता त्या खातेदाराचे काय झाले, हे त्या मानाने फार थोड्यांनी.

ज्या लेखसंग्रहाच्या आरंभी ही प्रस्तावना येत आहे त्यात अधिसूचना आहेत, न्यायनिवाडे आहेत आणि खातेदारांच्या हकीकतीही आहेत. त्यांचा गोषवारा देणे हे प्रस्तावनेचे काम मी समजत नाही. ते सारे वाचताना कोणता प्रश्न मनाशी धरून वाचावे एवढे सांगितले म्हणजे तिचे काम संपले. सात रस्त्याला बिऱ्हाड आणि जिल्ह्याच्या कचेऱ्यांतून महसुली कज्ज्यांची वकिली असा जन्म गेल्यामुळे माझा या विषयाशी संबंध आला तो दुर्बिणीतून न येता दप्तरातून आला. पक्षिमित्रांना म्हणून हे लिखाण रुक्ष वाटेल, आणि शेतकऱ्यांच्या पुढाऱ्यांना कदाचित गुळमुळीत. दोन्ही तक्रारी मला मान्य आहेत.

प्रथम त्या पक्ष्याविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे. माळढोकाचा नर पंधरा किलोपर्यंत भरतो, आणि उडू शकणाऱ्या पक्ष्यांत इतक्या भारदस्त देहाचे पक्षी सबंध जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. मादी घरटे असे बांधतच नाही; उघड्या जमिनीवर ती बहुधा एकच अंडे घालते, आणि ते अंडे कुत्र्याने, कोल्ह्याने किंवा गुराच्या खुराने गेले तर त्या मादीचा वर्षाचा सारा संसार गेला. डॉ. सालिम अली यांनी भारताचा राष्ट्रीय पक्षी म्हणून याच पक्ष्याची शिफारस केली होती. १९६३ साली तो मान मोराला मिळाला. जगातील पक्षिसंवर्धकांच्या यादीत २०११ पासून माळढोक ‘अतिसंकटग्रस्त’ या पायरीवर उभा आहे, आणि जे दीडशेच्या आसपास पक्षी उरले असावेत असा अंदाज केला जातो त्यांतील बहुसंख्य राजस्थानच्या वाळवंटात आहेत. आपल्याकडे आता एखादा दिसला तर वर्तमानपत्रात त्याची बातमी होते, यावरूनच काय ते समजावे.

परंतु या सर्व माहितीपेक्षा आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. माळढोक हा अरण्यात राहणारा पक्षी नाही. नाकतोडे, टोळ, सरडे, बोरे आणि दाणे यांवर तो जगतो, आणि त्यासाठी त्याला नुसते गवत पुरत नाही. गवताच्या माळाला लागून असलेली जिरायत शेते, भुईमुगाची, हरभऱ्याची, ज्वारीची, आणि त्यांच्या मधूनमधून पडीक टाकलेले तुकडे, अशी सारी मिळून त्याची भूमी होते. सोलापूरच्या माळावर पाऊस वर्षाला पाचसाडेपाचशे मिलिमीटर, तोही लहरी; या प्रदेशाच्या कोरडवाहूपणाचा अभ्यास करण्यासाठीच १९३३ साली सोलापुरास कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र निघाले, आणि मालदांडी ज्वारीच्या निवडीने मोहोळचे नाव साऱ्या दख्खनच्या शेतात पोहोचवले. त्या कोरडवाहू कुणब्याने, पुण्य जोडावे म्हणून नव्हे तर दुसरे काही पिकतच नव्हते म्हणून, शतकानुशतके जी शेती केली तिच्या आश्रयाने हा पक्षी टिकला. त्याचा राखणदार म्हणून ज्याची नेमणूक कधी झाली नाही, आणि ज्याला त्याबद्दल छदामही मिळाला नाही, असा तो राखणदार होता.

१९७२ च्या दुष्काळाने या मुलखाची कंबर मोडली, हे त्या पिढीच्या माणसांना सांगावयास नको. त्याच दशकात सोलापूरचे निसर्गनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळावरील माळढोकांकडे पक्षितज्ज्ञांचे लक्ष वेधले. पुढे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. असद रहमानी यांच्या नेतृत्वाखाली येथे दीर्घकाळ अभ्यास केला. दुष्काळप्रवण क्षेत्राच्या कार्यक्रमाखाली कुरणे राखली गेली, गवत वाढले, पक्षी दिसू लागले, आणि शासनाने उत्साहाच्या भरात १९७९ साली अभयारण्य जाहीर केले. सोलापूर जिल्ह्यातील उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा व करमाळा आणि तेव्हाच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील कर्जत, श्रीगोंदे व नेवासे अशा तालुक्यांवर पसरलेले त्याचे क्षेत्र होते ८४९६ चौरस किलोमीटर. सबंध सोलापूर जिल्हा पंधरा हजार चौरस किलोमीटरांचाही नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचा पसारा कळतो. त्यात गावठाणे आली, बाजारपेठा आल्या, हमरस्ते आले, विहिरी आल्या, उसाचे फड आले. माळही आला, पण तो त्या सगळ्याच्या पोटात कुठेतरी. नकाशावर पेन्सिल फिरवणाऱ्या हाताला जमिनीचा स्पर्श झाला नसावा असे म्हणण्याचा मोह होतो, आणि तो मी आवरत नाही.

कारण याच मुलखाने त्याच्या उलट तऱ्हेचे काम दीडशे वर्षांपूर्वी पाहिले होते. शेजारच्या इंदापूर तालुक्यात १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघा इंग्रज अंमलदारांनी जी जमाबंदी केली, ती पुढे साऱ्या मुंबई इलाख्याचा कित्ता ठरली. इंग्रजांच्या राज्याविषयी माझ्या मनात भक्ती नाही, आणि त्या जमाबंदीतही सावकाराच्या पथ्यावर पडणारे पुष्कळ काही होते. परंतु शेतन् शेत मोजायचे, प्रत्येक नंबराला हद्दीचा दगड लावायचा, त्याची प्रत पाहायची, त्यावर आकार बसवायचा आणि तो आकार तीस वर्षे हलणार नाही असे वचन द्यायचे, ही त्या पद्धतीची शिस्त होती. रयतेला कर जड वाटो की हलका, आपल्यावर सरकारचा हक्क किती आणि किती काळ, हे तिला नेमके कळत होते. १९७९ च्या अधिसूचनेने रयतेला नेमके हेच कळू दिले नाही.

येथे कायद्याच्या घडणीकडे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे, आणि कंटाळा येणाऱ्या वाचकाने हा परिच्छेद नेटाने वाचावा अशी माझी विनंती आहे, कारण सारा गुंता याच ठिकाणी आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा. त्याच्या मूळ स्वरूपात कलम १८ खाली शासनाने आधी अभयारण्य जाहीर करावयाचे आणि त्यानंतर कलेक्टरने त्या हद्दीतील लोकांचे हक्क काय आहेत याची चौकशी करावयाची, असा क्रम होता. गावोगाव जाहीरनामा लावावयाचा, दोन महिन्यांत लेखी हक्क मागवावयाचे, ते तपासावयाचे, आणि मग एक तर ती जमीन अभयारण्याच्या हद्दीतून वगळावयाची, नाहीतर मोबदला देऊन संपादन करावयाची. अभयारण्यात राहूनच हक्क चालू ठेवू देण्याची तिसरी वाट पुढे १९९१ च्या दुरुस्तीने निघाली. ही चौकशी पुरी होईपर्यंत मध्यंतरात काय? त्याचे उत्तर कलम २० ने दिले होते: अधिसूचना निघाल्यानंतर त्या हद्दीतील जमिनीवर, वारसाने किंवा मृत्युपत्राने मिळेल तेवढा सोडून, नवा हक्क कोणासही प्राप्त होणार नाही. चौकशी चालू असताना कोणी खोटे खरेदीखत करून सरकारकडून मोबदला उपटू नये म्हणून घातलेला हा तात्पुरता बांध होता, आणि तात्पुरता म्हणून तो शहाणपणाचाही होता. पण आठ हजार चौरस किलोमीटरांतील प्रत्येक गटाची, प्रत्येक विहिरीची, प्रत्येक वहिवाटीची चौकशी करण्यास कोणत्या कलेक्टराला सवड असणार, आणि त्या साऱ्या जमिनीचे संपादन करण्यास कोणत्या सरकारच्या खजिन्यात पैसा असणार? चौकशी पुरी झाली नाही. बांध मात्र राहिला. जो नियम काही महिन्यांसाठी होता तो तीन दशकांचा झाला.

योगायोग असा, की त्याच १९७९ च्या जून महिन्यात चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या प्रकरणातून उठला आणि अनुच्छेद ३०० अ म्हणून दुसरीकडे जाऊन बसला. कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता हिरावून घेता येणार नाही, एवढे आश्वासन त्यात उरले. पण सोलापूरच्या खातेदाराची मालमत्ता हिरावली कुठे होती? सातबारा त्याच्याच नावे, शेतसारा तोच भरणार, नांगर त्याचाच. संपादन नाही म्हणून मोबदला नाही, आणि विक्री नाही म्हणून किंमत नाही, अशा दोन नकारांच्या मध्ये त्याची मालकी लटकत राहिली. नियमन आणि हरण यांतील सीमारेषा कोठे आहे हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर १९२२ सालीच पेनसिल्व्हेनियातील कोळशाच्या खाणींच्या निमित्ताने आला होता, आणि न्यायमूर्ती होम्स यांनी नियमन फार दूर गेले तर ते हरणच मानले जाईल असा निर्णय दिला होता. फार दूर म्हणजे किती, हे त्यांनीही सांगितले नाही. आणि ते सांगणे सोपे आहे असे मलाही वाटत नाही.

जमीन विकता न येणे म्हणजे काय, हे शहरात वाढलेल्या वाचकाला समजावून सांगावे लागते. शेतकऱ्याला जमीन विकायची हौस नसते. परंतु मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, घरातले मोठे दुखणे, दोन भावांची वाटणी, किंवा चार एकर जिरायत विकून एक एकर बागाईत घेऊन सुखाने खावे हा विचार, यांपैकी एखादी वेळ प्रत्येक घरावर पिढीतून एकदा तरी येतेच, आणि त्या वेळी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दस्त नोंदला जाणार नाही असे कळले म्हणजे माणूस गांगरतो. मग साठेखते होतात, नोटरीपुढे कागद होतात, कुलमुखत्यारपत्राच्या आडून व्यवहार होतात, आणि ज्याला अडचण असते त्याला अशा कच्च्या कागदाचा भाव पक्क्या कागदाच्या भावापेक्षा पुष्कळ कमी मिळतो. जमीन तारण ठेवायची तर बँक हद्दीतला गट पाहून कपाळाला आठ्या घालते. बिनशेतीचा अर्ज टेबलावरून टेबलावर फिरतो. कलम २० ची थट्टा करावयाची तर असे म्हणता येईल, की त्या हद्दीत जमिनीचे हस्तांतर मरून होत असे, जगून होत नसे.

या साऱ्यात एक गोष्ट अशी आहे, की जी माझ्या मते या विषयाचे मर्म आहे, आणि जिच्याकडे दोन्ही पक्षांनी पुरेसे पाहिलेले नाही. आपल्या सातबाऱ्यात दोन नमुने एकत्र आहेत. नमुना सात हा हक्काचा: मालक कोण, क्षेत्र किती, आकार किती, इतर हक्क कोणते. नमुना बारा हा पिकाचा: त्या वर्षी त्या गटात काय पेरले, पाणी कशाचे, पडीक किती. अभयारण्याचा कायदा येऊन बसला तो नमुना सातावर. खरेदी नको, गहाण नको, नवा हक्क नको. आणि माळढोक जगत होता तो नमुना बारावर. जमीन एका कुणब्याच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर गेल्याने पक्ष्याचे काहीही बिघडत नव्हते, जोवर दुसराही ज्वारीच पेरीत होता. त्याचे बिघडत होते ते ज्वारीच्या जागी ऊस आल्याने, माळ नांगरल्याने, बांधावर विजेची तार ओढल्याने. आणि याबाबत कायदा, निदान व्यवहारात, जवळजवळ मुका होता. ज्याला विकायचे होते त्याला त्याने अडवले. ज्याला पीक बदलायचे होते त्याला तो अडवू शकला नाही, आणि खरे सांगायचे तर तसे अडवण्याचा नैतिक अधिकारही, मोबदल्याशिवाय, त्याला नव्हता.

कारण पीक बदलण्याची सोय सरकारनेच करून दिली होती. भीमेवरील उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले, म्हणजे अभयारण्याची अधिसूचना निघाल्यानंतर अवघ्या वर्षभरात. धरण माढा तालुक्यात. त्याचे पाणी करमाळ्याच्या अंगाने पसरले आणि कालवे माढा, मोहोळ व उत्तर सोलापूर या तालुक्यांतून निघाले. एका खात्याने ज्या तालुक्यांना कोरडे राहण्यास सांगितले, त्यांनाच दुसऱ्या खात्याने पाणी पाजले. आणि दोन पिढ्या दुष्काळात काढलेल्या माणसाने यातले कोणते निमंत्रण स्वीकारावे हे विचारण्याचीही गरज नाही. राज्यातील सर्वांत जास्त साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत आज सोलापूरची गणना होते. जिथे कालवा गेला नाही तिथे विंधनविहीर गेली. जिथे ऊस नाही तिथे द्राक्ष, डाळिंब, आणि त्यांना पाणी उपसायला वीज. वनखात्याचाही हातभार लागला: माळ म्हणजे उजाड जमीन आणि उजाड जमीन म्हणजे झाडे लावण्याची जागा, या समजुतीने कुठे कुठे गवताच्या माळांवर ग्लिरिसिडियासारखी झाडे लावली गेली, आणि दूरवर मोकळे दिसल्याखेरीज ज्याच्या जिवाला स्वस्थता नाही अशा पक्ष्याला ती झाडी परकी झाली. पक्ष्याच्या मागे जणू सरकारची चार खाती एकदम लागली होती, आणि त्यांतील एकच त्याचे रक्षण करण्यासाठी नेमलेले होते.

हद्द भलतीच मोठी आखल्याने दुसरा अनर्थ ओढवला तो माणसांच्या मनात. ज्या गावात माळढोक कोणी जन्मात पाहिला नव्हता, त्या गावातील खातेदाराच्याही सातबाऱ्यावर तो येऊन बसला. काळवीट कळपाने शेतात शिरून ज्वारीचे ताटवे आडवे करीत. त्यालाही हात लावता येईना. परिणामी ज्या पक्ष्याविषयी कुणब्याच्या मनात फार तर उदासीनता होती त्याच्याविषयी वैर उत्पन्न झाले. मध्य प्रदेशातील करेरा येथे हेच आपल्या आधी घडून गेले आहे. तिथे १९८१ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले, त्यात खाजगी शेते आली, खरेदीविक्री अडली, काळवीट वाढले, लोक संतापले, आणि नव्वदच्या दशकात तिथला शेवटचा माळढोक नाहीसा झाला. अभयारण्य त्यानंतरही कित्येक वर्षे कागदावर होते, आणि शेतकरी त्यात अडकलेलेच होते. ज्याच्यासाठी बंधन घातले तो निघून गेला तरी बंधन जात नाही, हा सरकारी दप्तराचा स्वभाव आहे.

आपल्याकडे हे प्रकरण सुटावयास सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, आणि तोही मार्ग सरळ नव्हता. १९९७ साली न्यायालयाने सर्व राज्यांना अभयारण्यांतील हक्कांची चौकशी वर्षभरात पुरी करण्यास फर्मावले. नोव्हेंबर २००० मध्ये अभयारण्याच्या क्षेत्रातून आपल्या संमतीवाचून काहीही वगळू नये असा आदेश दिला. दोन्ही आदेशांचा हेतू वनांच्या लुटारूंना आवर घालण्याचा होता, आणि तो आवश्यकही होता. पण त्यामुळे झाले असे, की चुकीची आखलेली हद्द दुरुस्त करण्याची किल्ली मुंबईच्या मंत्रालयातून निघून दिल्लीला गेली. समित्या नेमल्या गेल्या, पाहण्या झाल्या, आणि अखेर २०१२ साली, न्यायालयाच्या संमतीने, ८४९६ चौरस किलोमीटरांचे क्षेत्र सुमारे १२२२ चौरस किलोमीटरांवर आले. सात भागांतील सहा भाग सुटले. तेहेतीस वर्षे ज्यांच्या जमिनी अडकून पडल्या त्यांना एका अधिसूचनेने सांगण्यात आले, की तुमची जमीन या कामासाठी मुळात लागतच नव्हती. या तेहेतीस वर्षांचा हिशेब कोणी मागितला नाही, कारण तो कोणापुढे मागावा याची कायद्यात तरतूद नाही.

२०१२ नंतर प्रश्न लहान झाला, संपला नाही. उरलेल्या क्षेत्रातही खाजगी शेते आहेत. आणि अभयारण्याच्या भोवती पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा, ज्याला कचेरीत आणि पारावर सारेच ‘इको-सेन्सिटिव्ह झोन’ म्हणतात त्याचा, पट्टा २०२० साली आला. हा पट्टा १९८६ च्या पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली येतो, त्याला हक्कांच्या चौकशीची गरज नाही आणि म्हणून मोबदल्याचा प्रश्नही उद्भवत नाही. शेती त्यात बंद होत नाही. खाण, खडी क्रशर, प्रदूषण करणारा कारखाना यांना मज्जाव होतो आणि बिनशेती वापरावर देखरेख समितीची नजर राहते. बंधन म्हणून ते सौम्य आहे, आणि त्याला सरसकट विरोध करणाऱ्यांशी मी सहमत नाही. शेजारी खडी क्रशर नको असे वाटणारा शेतकरीही मी पुष्कळदा पाहिला आहे. पण देशभर या पट्ट्यांची रुंदी ज्या रीतीने ठरत आली ती पाहिली, म्हणजे जुन्या पेन्सिलीची आठवण होते. एके काळी अभयारण्याच्या सीमेपासून दहा किलोमीटर असे बोलले गेले. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरसकट किमान एक किलोमीटर म्हटले. एप्रिल २०२३ मध्ये त्यानेच तो आदेश सैल केला. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर तर गाडगीळ समितीच्या २०११ च्या आणि कस्तुरीरंगन समितीच्या २०१३ च्या अहवालानंतर संवेदनशील क्षेत्राच्या मसुदा-अधिसूचना २०१४ पासून पुनःपुन्हा निघत आल्या, आणि महाराष्ट्रातील दोन हजारांहून अधिक गावांच्या लोकांना आपले गाव त्यात आहे की नाही याचे अंतिम उत्तर दशकाहून अधिक काळ मिळाले नाही. माथेरान आणि महाबळेश्वर-पाचगणी या लहान क्षेत्रांच्या अधिसूचना मात्र अनुक्रमे २००३ आणि २००१ मध्ये निघून त्यांचे नियम स्थिरावले. त्यांवर टीका पुष्कळ झाली, पण हद्द कुठे आहे हे तिथल्या माणसाला ठाऊक आहे. कठोर नियमापेक्षा अनिश्चित नियमाने शेतकरी अधिक नाडला जातो, असे माझे मत या सगळ्या प्रकरणांच्या वाचनाने बनले आहे, आणि संग्रहातील काही लेखकांना ते पटणार नाही हेही मी जाणतो.

मोबदल्याचे काय? इंग्लंडने १९४७ च्या नगर व ग्राम नियोजनाच्या कायद्याने जमिनीचा विकास करण्याचा हक्क मालकाकडून काढून राष्ट्राकडे घेतला, तेव्हा ज्यांचे त्यात नुकसान होईल त्यांच्यासाठी तीस कोटी पौंडांचा निधी बाजूला काढला होता. ती योजना पुढे नीट चालली नाही; तरी हक्क काढून घेताना त्याची किंमत मोजण्याची लाज तिथल्या कायदेमंडळाला वाटली, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे. माळढोकाच्या दृष्टीने अधिक जवळचे उदाहरण पोर्तुगालच्या दक्षिण भागातील कास्त्रो व्हेर्दे येथील आहे. तिथल्या कोरड्या पठारावर माळढोकाचाच एक भाऊबंद, युरोपातील मोठा ढोक, गव्हाच्या जिरायत शेतांत राहतो. १९९५ पासून तिथे जो शेतकरी जुन्या पद्धतीने आलटून पालटून पीक घेतो, काही जमीन पडीक ठेवतो आणि विणीच्या हंगामात काढणीची घाई करीत नाही, त्याला त्याबद्दल दरवर्षी पैसे मिळतात. आणि त्या भागात ढोकांची संख्या घटण्याऐवजी वाढली. युरोपचा खजिना आणि आपला खजिना यांत अंतर आहे, हे मला कोणी सांगावयास नको. पण आठ हजार चौरस किलोमीटरांतील व्यवहार तीन दशके अडवून ठेवण्याची जी किंमत लोकांनी मोजली, ती कोणत्याच खजिन्यातून गेली नाही म्हणून ती शून्य होती असे होत नाही.

नान्नज, वडाळा, मार्डी या बाजूला आजही पाटाचे पाणी न पोहोचलेले, खालचा मुरूम नांगराला लागणारे गट आहेत, जिथे एखादा म्हातारा खातेदार, मुले पुण्याला गेल्यामुळे म्हणा किंवा विंधनविहिरीला पाणी न लागल्यामुळे म्हणा, अजूनही मालदांडी पेरतो आणि एखादे वर्ष तुकडा पडीक सोडतो. त्या भागातला गवताळ माळ जो काही उरला आहे, तो अशा गटांना चिकटून उरला आहे. कोणत्या गटात कोणते पीक होते आणि किती क्षेत्र पडीक होते, हे शासनाला शोधून काढावे लागणार नाही. नमुना बारा दरवर्षी ते लिहीत आला आहे, आणि २०२१ पासून तर ई-पीक पाहणीत खातेदार स्वतःच शेतात उभा राहून मोबाइलवर छायाचित्रासह ते भरून देतो. जिरायत आणि पडीक यांच्या त्या नोंदीवर एकरी काही रक्कम द्यावयाची ठरवली, तर त्यासाठी ना हद्द आखावी लागते, ना कोणाचे खरेदीखत अडवावे लागते, ना कलम २० ची आठवण काढावी लागते. वनखाते, कृषिखाते आणि महसूलखाते यांनी एका शासन निर्णयावर सह्या केल्या की पुरते. पुढील लेखांतील तिसऱ्या भागात या दिशेने केलेली आकडेमोड आहे. ती वाचताना वाचकाने एकरी उसाचा फायदा शेजारी मांडून पाहावा, म्हणजे रक्कम किती लागेल आणि ती का कमी पडेल, या दोन्हींचा त्याला अंदाज येईल.

सात रस्ता, सोलापूर